देवरे सरांचा शेरा

माझ्या मुलाच्या लग्नात देवरे सरांनी आहेराचं पाकीट दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाकिटं उघडायला बसलो, तर त्यातून एकशे एक रुपये निघाले आणि आमचीच लग्नपत्रिका निघाली. लाल शाईनं तपासलेली.

मुलाच्या हट्टापायी पत्रिका इंग्रजीत छापली होती. जाड कागद, सोनेरी कडा. छापणाऱ्याच्या दुकानातून मी तीनदा उठून गेलो, तेव्हा कुठे तो माझ्या दरावर आला होता. त्या पत्रिकेवर आता सात ठिकाणी लाल खुणा होत्या. 'मॅरेज'च्या आधी 'द' राहिला होता, तो वर लिहून घातलेला. मुलाच्या नावाआधी छापणाऱ्यानं शोभेसाठी 'द' घातला होता, तो खोडलेला. खाली गोलात दहापैकी सहा गुण. आणि त्याखाली त्या वळणदार अक्षरात शेरा: 'सुधारून लिही व स्वतः आणून दाखव.'

माझं डोकं फिरलं. कारण हा शेरा मी आधीही एकदा पाहिला होता.

तसाच लेंग्यावर एक मजला उतरून त्यांची बेल दाबली. म्हणालो, "सर, लग्न झालं! सून घरात आली! आता सुधारून कुणाला दाखवू?"

सर चष्मा पुसत म्हणाले, "लग्न झालं म्हणून चूक मिटते का, बागुल?"

मी जिना चढून परत आलो. बायको म्हणाली, "म्हाताऱ्या माणसाशी काय वाद घालता?" तिला काय ठाऊक. माझा वाद पस्तीस वर्षांचा होता.

देवरे सर नामपूरच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. मी शेजारच्या खेड्यातून सायकलनं यायचो. सरांचा जीव इंग्रजीतल्या एका शब्दात अडकलेला होता, आणि तो शब्द म्हणजे 'द'. बाकी काळ, प्रयोग, शब्दयोगी अव्यय ते शिकवायचे, पण ताटातली चटणी-कोशिंबीर वाढावी तसे. मुख्य जेवण 'द'. त्यासाठी ते आम्हाला थेट कांदा मार्केटात न्यायचे. समोर कांद्याचे ढीग. सर छडी एका ढिगाकडे दाखवायचे. "नुसता ढीग म्हटलं तर तो कोणताही. पण मी तुला सकाळी एक ढीग दाखवला, आणि आता म्हणालो ढीग विकला गेला. कोणता?" आम्ही ढिगांकडे बघायचो. मग सर घरच्या अहिराणीत उतरायचे. "तुले माहीत शे, माले माहीत शे. मंग 'द' लाव!" ढिगावर बसलेले व्यापारी हसायचे. एकदा एक जण ओरडला, "सर, हाऊ तुमना 'द' किलोना का क्विंटलना?" सर त्यालाही समजावायला बसले. लिलाव दहा मिनिटं थांबला.

नववीच्या वार्षिक परीक्षेत दहा गाळलेल्या जागा आल्या. कुठे 'द' भरायचा, कुठे नाही. मी विचार केला. दहाही ठिकाणी 'द' भरला तर निदान काही तरी बरोबर येतील. व्यवहार म्हणून मला तो आजही चोख वाटतो. चार उत्तरं बरोबर आली. सरांनी शून्य दिलं. समासात लिहिलं, 'सगळीकडे एकच भरणं म्हणजे उत्तर नव्हे.' मला एकूण एकतीस मिळाले, पासाला पस्तीस. ते चार धरले असते तर बरोब्बर पस्तीस होत होते! निकाल लागायच्या आधी सरांनी पेपर हातात दिला. खाली पत्रिकेवर होता तोच शेरा होता. मला तो टोमणा वाटला. नापास करायचं आणि वर पुन्हा लिहून आण म्हणायचं. मी पेपर शाळेच्या फाटकापाशी फाडला आणि सायकलवर बसलो. वडील म्हणाले, "मग जा मामाकडे नाशकाला, सातपूरच्या कारखान्यांत." गेलो. आयटीआयला दहावी लागत होती. दहावी नव्हती, म्हणून सहा वर्षं प्रेस मशीनवर हेल्पर राहिलो. डाव्या हाताच्या एका बोटाचं पेर तिथेच गेलं. पुढे स्वतःचं वर्कशॉप काढलं, पत्र्याचे पार्ट करतो, गंगापूर रोडला फ्लॅट घेतला. हे सगळं मी कुणाच्या उपकारावर केलेलं नाही. पण पेर नसलेलं बोट दिसलं की मला ते चार गुण आठवायचे.

आणि तीन वर्षांपूर्वी हेच देवरे सर आमच्या इमारतीत, माझ्याच खालच्या मजल्यावर राहायला आले. एकटे. दोन ट्रंका, एक टेबल आणि लाल पेनांचा खोका. मला पाहून म्हणाले, "बागुल ना? नववी ब. तिसरा बाक." नापास केलेला, एवढं बोलले नाहीत.

आठ दिवसांत सगळ्या इमारतीला त्यांची ओळख पटली. वॉचमन फोन करून म्हणायचा, "सर, माणूस आलाय." सर विचारायचे, "कोणता?" "दूधवाला." "कोणता? कालचा की नवा?" "आपलाच, सर." "मग तसं सांग ना. आपल्या दोघांना माहीत असलेला." शेवटी वॉचमन वैतागून म्हणायला लागला, "सर, द दूधवाला आलाय." सर भलतेच खूश. दिवाळीला त्याला धोतरजोडी दिली. ती तो नेसणार कधी, हा विचार सरांना शिवला नाही.

संध्याकाळी ते फिरायला निघायचे ते पाट्या वाचत. खिशात लाल पेन आणि पांढऱ्या चिकटपट्टीचं रीळ. हल्ली नाशकात जो उठतो तो दुकानाला 'द' लावतो. द चहा, द वडा, द केशकर्तनालय. कोपऱ्यावरच्या मिसळवाल्यानं नवी पाटी लावली, 'द मिसळ'. सर काउंटरवर जाऊन उभे राहिले.

"कोणती?"

"काय कोणती, सर?"

"कोणती मिसळ? या शहरात गल्लीगल्लीत मिसळ आहे. तू म्हणतोस द. म्हणजे मला आणि तुला आधीपासून माहीत असलेली. मला तर माहीत नाही."

"खाऊन बघा, मग माहीत होईल. तर्री वाढवू का?"

"आधी 'द' काढ."

"सर, 'द' लावल्यापासून प्लेटला वीस रुपये जास्त घेतोय. तुम्ही काढायला लावता?"

मी शेजारच्या टेबलावर होतो. मनातल्या मनात मिसळवाल्याला नमस्कार केला. सरांनी मिसळ न खाताच पट्टी काढली आणि स्टुलावर चढून 'द' झाकला. दुसऱ्या दिवशी मिसळवाल्यानं तो उघडा केला. असं त्या दोघांचं अजून चाललंय. कुणी शिव्या दिल्या तरी सर चिडत नाहीत. म्हणतात, "मी तपासलं. सुधारायचं की नाही ते त्याचं."

एवढा राग असूनही मुलाच्या लग्नानंतर मी त्यांच्याकडे जायला लागलो, ते गरजेपोटी. परदेशातलं एक गिऱ्हाईक मिळालं होतं आणि त्याला माझी इंग्रजी पत्रं जायची. मी म्हणालो, "सर, तपासून द्या. एका पत्राचे काय घ्याल ते आधी सांगा." ते म्हणाले, "काही नाही. तपासलेलं तू स्वतःच्या हातानं पुन्हा लिहायचं आणि मला आणून दाखवायचं." मी म्हणालो, "माझ्याकडे टायपिस्ट आहे." "मग पत्रही टायपिस्टकडूनच तपासून घे." दोन तास घासाघीस केली. आयुष्यात मी कुणाला एवढा वेळ दिला नाही. शेवटी मला हातानंच लिहावं लागलं. पन्नाशीच्या पुढचा माणूस, चौदा कामगारांचा शेठ, गुडघ्यावर वही घेऊन 'द' गिरवतोय. एकदा पेन आपटून म्हणालो, "नववीत नापास केलंत तेवढं पुरे नाही झालं का?"

सरांनी लाल पेन टोपणात घातलं. म्हणाले, "तो पेपर आहे तुझ्याकडे?"

"फाडला त्याच दिवशी."

"हं," म्हणाले, आणि उठून गॅलरीत गेले. त्या दिवशी त्यांनी माझं पत्र पुढे तपासलं नाही.

हे झाल्यावर महिन्याभरानं मी त्यांना सातपूरला पाहिलं.

माझ्या वर्कशॉपपासून दोन चौक सोडून एका दुकानाच्या वर शिकवणीचा वर्ग आहे. मनीषा क्लासेस. खाली इंग्रजीत मोठ्या अक्षरांत पाटी: 'लर्न द इंग्लिश ईझिली'. दुपारची शिफ्ट सुटत होती, बसमधून माणसं उतरत होती, मोटारसायकली हॉर्न देत होत्या. आणि रस्त्याच्या या बाजूला चहाच्या टपरीशी देवरे सर त्या पाटीकडे बघत उभे. भाषेच्या नावाला 'द' लागत नाही, हे सरांनी मला छडी मारून शिकवलं होतं. म्हणजे आता हा माणूस स्टूल मागणार. मी गाडी लावली आणि गंमत बघत राहिलो. सरांनी खिशात हात घातला. पट्टीचं रीळ बाहेर काढलं. बराच वेळ हातात धरलं आणि परत खिशात ठेवलं. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या गुरुवारीही.

चौथ्या गुरुवारी मी टपरीवर जाऊन त्यांना गाठलं. "काय सर, एवढी मोठी चूक सोडलीत?"

ते दचकले. मग पाटीकडे बघत म्हणाले, "पेंटरनी चूक शे. तिनी नही. ती असं लिहिणार नाही."

"ती कोण?"

"मनीषा. माझी मुलगी."

मी दोन चहा सांगितले. सरांनी बोलायला सुरुवात केली ती माझ्याकडे न बघता.

त्यांच्या घरात एक रीत होती. मुलीला काही हवं असलं, सहल, सायकल, दिवाळीचा ड्रेस, की तिनं वडिलांना इंग्रजीत पत्र लिहायचं. सर ते लाल पेनानं तपासायचे, खाली शेरा मारायचे आणि तिच्या टेबलावर ठेवायचे. ती सुधारून आणायची. मग सर ती गोष्ट द्यायचे. "पुन्हा लिहून आणलेल्या पत्राला मी एकदाही नाही म्हणालो नाही, बागुल. एकदाही."

मनीषा बी.एड. झाली, नाशकात नोकरीला लागली. एकदा रजा काढून घरी आली आणि आल्या दिवशीच सकाळी सरांच्या हातात पत्र देऊन आत गेली. सातपूरच्या कारखान्यात काम करणारा मुलगा, दुसऱ्या समाजातला, त्याच्याशी लग्न करायचंय. परवानगी द्या.

"मग?"

सरांनी शर्टाच्या आतल्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात घडी घातलेला कागद होता. घड्यांवर विरलेला. दोन पानांवर चौदा लाल खुणा. तळाशी शेरा: 'सुधारून लिही व स्वतः आणून दाखव.'

"तुम्ही हे पत्र तपासलंत?" माझा आवाज एवढा चढला की टपरीवाल्यानं वळून बघितलं. "पोरीनं लग्नाचं विचारलं आणि तुम्ही 'द' घातलेत?"

"मला दुसरं काय येतं?" सर म्हणाले. "काय बोलायचं ते सुचेना. मला राग नव्हता आला. मुलगा कसा असेल, भाऊबंद काय म्हणतील, हिला सांभाळेल का, एवढंच डोक्यात. हातात कागद होता, पेन होतं. तपासलं आणि तिच्या टेबलावर ठेवलं. म्हटलं, नेहमीसारखं सुधारून आणेल. तोवर माझंही मन स्थिर होईल. आणलं की हो म्हणायचं." त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. चहा तसाच होता. "मी शाळेतून आलो तर कागद टेबलावर तसाच. ती गेलेली."

अकरा वर्षं झाली होती. सरांची बायको वारली, तेव्हा मनीषा आली होती. दाराशी तिच्या चपला पाहून सरांनी ओळखलं. आईच्या पायाशी बसली, उठली, गेली. बोलणं झालं नाही. नंतर सरांनी नामपूरचं घर विकलं आणि नाशकात आले. सातपूरला राहायचं धाडस झालं नाही, म्हणून गंगापूर रोड.

मी त्या कागदावरचा शेरा बघत होतो. माझ्या डोक्यात दुसरंच फिरत होतं.

"सर," मी विचारलं, "माझ्या पेपरावर पण हेच लिहिलं होतं."

"हो."

"मी लिहून आणला असता तर?"

"त्या वर्षी सात जणांना लिहिलं होतं. निकाल लावायला चार दिवस होते. सहा जण घेऊन आले. सहाही पास केले. चौथ्या दिवशी पाच वाजेपर्यंत मी शाळेत बसून होतो. तू आला नाहीस."

"तोंडानं सांगायचं होतंत ना!"

"लिहिलं होतं," सर म्हणाले. त्यांना खरंच कळत नव्हतं की यापेक्षा जास्त काय करायचं असतं.

मी तिथून उठलो. वर्कशॉपवर जाऊन दोघांना विनाकारण झापलं आणि केबिनचं दार लावून बसलो. पस्तीस वर्षं जपलेला राग होता. तो एका चहात कुणी काढून घेतला, तर माणसाच्या हातात राहतं काय? आणि त्या चार दिवसांचं करायचं काय? शाळा सायकलनं वीस मिनिटांवर होती.

दुसऱ्या सकाळी सरांच्या दारात उभा राहिलो. "पत्र लिहा तिला. मी नेऊन देतो."

पंधरा दिवस गेले. रोज विचारलं की एकच उत्तर, "तपासतोय." एका सकाळी त्यांनीच पाकीट आणून दिलं. "लगेच ने. माझ्याजवळ राहिलं की मी पुन्हा हात लावीन."

मी क्लासच्या जिन्यानं वर गेलो. साताठ बायका आणि कारखान्याच्या गणवेशातले दोन ऑपरेटर वह्या घेऊन बसले होते. फळ्यापाशी चाळिशीची बाई. कपाळ थेट सरांचं. म्हणालो, "मॅडम, मी एक विद्यार्थी, देवरे सरांचा."

"कोणता?"

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. "त्यांनी नापास केलेला."

"ते बरेच आहेत," ती म्हणाली. पाकीट आणि मी पुढे केलेलं वर्कशॉपचं कार्ड घेतलं, टेबलाच्या खणात टाकलं आणि फळ्याकडे वळली.

आठ दिवस सर माझ्या गाडीचा आवाज आला की गॅलरीत येऊन उभे राहायचे. मी मान हलवली की आत जायचे. नवव्या दिवशी कुणीतरी वर्कशॉपच्या गेटवर पाकीट ठेवून गेलं. मी काम टाकून घरी आलो.

सरांनी पाकीट उघडलं. त्यांचंच पत्र होतं. लाल शाईनं तपासलेलं.

ते खुर्चीत बसले. एकेका खुणेवर बोट ठेवत खाली आले. चार ठिकाणी. "बरोबर आहे तिचं," ते अगदी हळू म्हणाले. "चारही चुका माझ्याच. अक्षर बदललं नाही बघ तिचं." मग कागद उलटा ठेवला. "ठीक आहे. जे मी दिलं, ते तिनं परत केलं. संपलं, बागुल."

मी कागद उचलला. सरांनी फक्त चुका वाचल्या होत्या. तळाशी मराठीत एक ओळ होती. मी तो कागद त्यांच्या चष्म्यासमोर धरला.

'सुधारून लिहा व स्वतः आणून दाखवा.'

"सर, मी आयुष्यभर गिऱ्हाईकं बघत आलोय," मी म्हणालो. "ज्याला माल घ्यायचा नसतो तो खोट काढत बसत नाही. सरळ निघून जातो. ही तुम्हाला या म्हणतेय."

सरांनी ती ओळ किती वेळा वाचली ते मी मोजलं नाही. मग त्यांनी टेबलाचा खण उघडून कोरा कागद काढला, आणि मी दार ओढून घेतलं.

गुरुवारी दुपारी ते इस्त्रीचा सदरा घालून खाली आले. गाडीत कागद दोन्ही हातांत धरून बसले. क्लासपाशी उतरताना खिशातलं लाल पेन काढून माझ्या हातात दिलं. "तिच्यासमोर जवळ नको." मग कठड्याला धरून एकेक पायरी चढत वर गेले. त्या पाटीकडे त्यांनी मान वर करूनही बघितलं नाही.

मी खाली थांबलो. कुणासाठी थांबायची मला सवय नाही. वीस मिनिटांनी सर उतरले. एकटेच. कागद हातातच.

"काय झालं? बसा म्हणाली?"

"नाही. उभ्यानंच तपासलं."

"आणि काही विचारलं? तब्येत, जेवणखाण?"

"नाही. आतल्या खोलीत कुणीतरी लहान पाढे म्हणत होतं. दार लोटलेलं होतं." त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. "दोन चुका निघाल्या अजून."

मी कागद पाहिला. दोन लाल खुणा, आणि खाली तोच शेरा. मी गाडी सुरू केली नाही. इमारतीतल्या वॉचमनपासून मिसळवाल्यापर्यंत कुणाचा 'द' ज्यांच्या नजरेतून सुटत नाही, त्यांच्या अर्ध्या पानात आधी चार चुका आणि आता दोन?

"सर, या चुका तुम्ही मुद्दाम ठेवल्यात."

त्यांनी कागदाची घडी घालून आतल्या खिशात ठेवली. डोळ्यांच्या कडा ओल्या होत्या. "परवा तीन वाजता बोलावलंय," ते म्हणाले. "तुला वेळ आहे का?"

"आहे," मी म्हणालो, आणि त्यांचं पेन पुढे केलं.

त्यांनी माझा हात मागे सारला. "राहू दे तुझ्याकडेच. परवा पुन्हा यायचंय."